बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन घेताय? आधी गवत बघा, मग मशीन

वेल्हे : पाऊस लागला की तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या गावांत गवत कसं वाढतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. जूनमध्ये घोट्याएवढं असलेलं गवत गौरी-गणपतीपर्यंत कमरेला लागतं. अंगण, परसबाग, गोठ्याकडची वाट, भातखाचराचे बांध, सगळीकडे तेच. विळा घेऊन दिवसभर वाकायला घरात माणूस नसतो आणि मजूर मिळेल तेव्हा मिळेल. दुसरीकडे पानशेत, वरसगाव, गुंजवणी धरणांच्या परिसरात फार्महाऊस आहेत. त्यांच्या लॉनची देखभाल गावातलीच पोरं करतात. त्यामुळे चार्जिंगवर चालणारं गवत कापायचं मशीन घ्यावं का, घ्यावं तर कोणतं, हा प्रश्न अनेक घरांत आहे.

बहुतेक जण मोबाईलवर जाहिरात बघून मशीन मागवतात. मग पंधरा मिनिटांत बॅटरी संपते, नाहीतर ओलं गवत पात्याला गुंडाळून मशीन बंद पडतं आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. दर वेळी दोष मशीनचाच असतो असं नाही. लॉनचं मशीन बांधावर चालवलं किंवा अंगणापुरतं मशीन ठेक्याच्या कामाला लावलं तर असं होणारच. मशीन निवडताना काय बघायचं, त्याची ही माहिती.

मशीन बघण्याआधी चार गोष्टी बघा

१. जागा किती आहे? जागा गुंठ्यात मोजा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. घर, गोठा, झाडं सोडून प्रत्यक्ष गवताची जागा किती, तेवढीच धरा.

२. गवत कसलं आहे? लावलेलं लॉन (मेक्सिकन, सिलेक्शन वन), हरळी, की कमरेएवढं रानगवत, टाकळा आणि घाणेरी? मऊ गवत आणि लाकडासारखं खोड यांना एकच पातं चालत नाही.

३. जमीन कशी आहे? सपाट, उताराची की दगडगोट्यांची? आपल्या भागात सपाट जागा कमी, उतार आणि दगड जास्त.

४. कापलेल्या गवताचं काय करणार? जनावरांना घालायचं असेल तर नायलॉन दोरीच्या मशीनने कापू नका. ती दोरी झिजताना तिचे बारीक तुकडे गवतात पडतात आणि गवताचाही चुरा होऊन ते लांब उडतं. वैरणीसाठी विळा किंवा पात्याचं मशीनच बरं.

मशीनचे चार प्रकार

चाकाचं लॉनमोवर : हे ढकलत न्यायचं. खाली आडवं पातं फिरतं आणि कापलेलं गवत मागच्या पेटीत जमा होतं. सपाट, नियमित कापलेल्या लॉनसाठी हे उत्तम. दगड, खड्डे, बांध, गुडघ्याएवढं गवत हे याचं काम नाही. घरगुती मोवरची कापणीची रुंदी साधारण ३२ ते ४६ सेंटिमीटर असते.

ट्रिमर : लांब दांडा आणि टोकाला गरगर फिरणारी नायलॉन दोरी. कुंपणाची कड, झाडाचा बुंधा, पायऱ्यांच्या फटी, तुळशीवृंदावनाभोवतीचं गवत यासाठी. वजनाला हलकं असल्याने घरातल्या बाया-माणसांना आणि वयस्कर माणसांनाही जमतं.

ब्रश कटर : ट्रिमरचा दणकट भाऊ. खांद्याला पट्टा, मोठी मोटर, दोरीबरोबर लोखंडी पातंही बसतं. बांध, आंब्याची बाग, टाकळा, कोवळी घाणेरी यासाठी हेच लागतं.

हाताने ढकलायचं मोवर : याला बॅटरी नाही, पेट्रोल नाही. चाक फिरलं की गोल पाती फिरतात आणि कात्रीसारखं गवत कापतात. लॉन कापायच्या मशीनची सुरुवात याच प्रकारापासून झाली. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० साली याचं पेटंट घेतलं. कापडावरचे धागे कातरायच्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. अर्धा गुंठ्याच्या आतलं सपाट लॉन असेल आणि आठवड्याला कापायची सवय असेल, तर हजारो रुपये बॅटरीवर घालवायची गरज नाही. मात्र गवत वाढू दिलं की हे चालत नाही.

कुणी काय घ्यावं?

अंगण, परसबाग आणि कुंपणाची कड एवढंच असेल तर : १८ व्होल्टचं चांगलं ट्रिमर पुरतं.

सपाट लॉन एक ते तीन गुंठे असेल तर : चाकाचं बॅटरी मोवर, आणि कडांसाठी त्याच कंपनीचं, तीच बॅटरी बसणारं ट्रिमर.

बांध, बाग, उतार असेल तर : चाकाचं मशीन घेऊच नका. पात्याचा ब्रश कटर घ्या. बॅटरीचा घ्यायचा तर ३६ व्होल्ट किंवा त्याच्या वरचा आणि किमान दोन बॅटऱ्यांसह.

दिवसभर ठेक्याने फार्महाऊसची कामं करणार असाल तर : आधी खालचं गणित करा, मगच ठरवा.

बॅटरीचं गणित

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. बॅटरीत खरा माल किती, हे वॅट-तासावरून कळतं. नुसत्या व्होल्टवरून किंवा नुसत्या अँपिअरवरून कळत नाही.

उदाहरण : १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-तास. ट्रिमर काम करताना सरासरी ३०० वॅट खात असेल तर बॅटरी जेमतेम १४ मिनिटं चालेल. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १८० वॅट-तास. मोवर ४५० वॅट खात असेल तर २४ मिनिटं. जाहिरातीत ‘४५ मिनिटं’ लिहिलेलं असतं ते बहुधा गवत न कापता, रिकामं फिरवल्याचं असतं.

आता जागेला हे लावून बघा. ३३ सेंटिमीटर रुंदीचं मोवर सावकाश चालीने नेलं, वळणं आणि पट्ट्यावर पट्टा धरला, तर कोरड्या लॉनचा एक गुंठा कापायला साधारण दहा मिनिटं लागतात. ओल्या, दाट गवताला दुप्पट वेळ धरा. म्हणजे १८० वॅट-तासांची एक बॅटरी उन्हाळ्यात दोन गुंठे ओढेल, पावसाळ्यात मोठ्या मुश्किलीने एक. पाच गुंठ्यांचं लॉन ऐन पावसाळ्यात एका दमात कापायचं तर पाच बॅटऱ्या लागतील. तेवढ्या बॅटऱ्यांची किंमत मशीनच्याही पुढे जाते. म्हणून ठेक्याने दिवसभर काम करणाऱ्याला आजही पेट्रोलचं मशीन सोडवत नाही. घरच्या लॉनला मात्र आज अर्धं, उद्या अर्धं कापता येतं, तिथे बॅटरी परवडते.

चार्जिंगचा खर्च नगण्य आहे. १८० वॅट-तासांची बॅटरी भरायला साधारण ०.२ युनिट वीज लागते, म्हणजे एका युनिटमध्ये पाच वेळा. खरा खर्च बॅटरीचाच. मशीनच्या आधी ती म्हातारी होते. त्यामुळे मशीन घेतानाच सुट्या बॅटरीची किंमत विचारून ठेवा.

‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्हीएफ’ : हे आकडे खरे मानू नका

ऑनलाईन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त ट्रिमरच्या बॅटरीवर ४८, ८८, ९८ असे मोठे आकडे छापलेले असतात. आत मात्र पाच किंवा दहा लिथियम सेल असतात. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. पाच सेलची ओळ म्हणजे जास्तीत जास्त २१ व्होल्ट आणि कामाचे सरासरी १८. वर छापलेला ८८ हा आकडा व्होल्ट नव्हेच.

चांगल्या कंपन्यांतही थोडी गंमत आहे. कुणी ‘१८ व्होल्ट’ लिहितं, कुणी ‘२० व्होल्ट मॅक्स’. दोन्हींत पाचच सेलची ओळ असते. ‘३६ व्होल्ट’ आणि ‘४० व्होल्ट मॅक्स’ यांचंही तसंच.

खरं-खोटं ओळखायला किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. चांगल्या कंपनीच्या १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर (९० वॅट-तास) बॅटरीचं वजन साधारण सहाशे ग्रॅम भरतं. म्हणजे किलोमागे दीडशे वॅट-तास. कुणी ‘४८ व्होल्ट, ६ अँपिअर’ म्हणत असेल तर ते २८८ वॅट-तास झाले आणि त्या बॅटरीचं वजन दोन किलोच्या आसपास हवं. काट्यावर ती चारशे ग्रॅम भरली तर काय समजायचं ते समजा.

बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकून तपासता येतो.

घेताना या ठिकाणी फसू नका

फक्त मशीन, बॅटरी नाही : ऑनलाईन किंमत कमी दिसते कारण बॅटरी आणि चार्जर त्यात नसतात. ‘सोलो’ किंवा ‘बेअर टूल’ असं लिहिलं असेल तर तो अर्थ घ्या.

एकाच कंपनीच्या बॅटऱ्याही जुळतील असं नाही : उदाहरणार्थ बॉशच्या हिरव्या (घरगुती) आणि निळ्या (व्यावसायिक) मशीनच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत. घरात आधीच कुणाकडे बॅटरीचं ड्रिल मशीन असेल तर त्याच बॅटरीवर चालणारं ट्रिमर मिळतं का ते आधी बघा. बॅटरीचे पैसे वाचतील.

मोटर : ‘ब्रशलेस’ मोटर असेल तर कार्बन बदलायची कटकट नाही आणि बॅटरीही जास्त पुरते. थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

सुटे भाग : नायलॉन दोरीचं रीळ, पातं, बॅटरी नसरापूर, भोर किंवा पुण्यात कुठे मिळतं? दुकानदाराला तोंडी न विचारता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून खात्री करा. वेल्ह्याकडच्यांना नसरापूर सोयीचं आणि पानशेतकडच्यांना सिंहगड रस्ता. मशीन घेऊन तीनदा पुण्याला जावं लागलं तर स्वस्ताई तिथेच संपते.

वॉरंटी : मशीनची आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी असते. ठेक्याच्या कामासाठी वापरलं तर काही कंपन्या ती कमी धरतात किंवा नाकारतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण छापील बिलाची शाई उडते.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो. विक्रेता दिल्लीचा आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

पेट्रोल की बॅटरी?

पेट्रोलचा ब्रश कटर ताकदीला चांगला. टाकी भरली की परत चालू, चार्जिंगची वाट बघायला नको. पण वजन, आवाज, धूर, दोरी ओढून चालू करणं, टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईलचं प्रमाण सांभाळणं आणि पावसाळा संपल्यावर तेल तसंच राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदणं हे सगळं येतं. वर्षातून चार महिने लागणाऱ्या मशीनला शेवटची अडचण हमखास येते.

बॅटरीचं मशीन बटण दाबलं की चालू. आवाज कमी, देखभाल कमी. पण पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. त्यामुळे बॅटरी संपेल तेव्हा नाही, लाईट असेल तेव्हा चार्ज करून ठेवायची सवय लागते. एक बॅटरी कायम भरलेली हवी.

पावसाळ्यातलं लॉन

चालू पावसात मशीन चालवायचं नाही, ते कितीही चांगलं असलं तरी. दोन सरींच्या मधे उघडीप मिळाली, गवत थोडं सुकलं की कापा. मोवरची उंची वर ठेवा. एका वेळी गवताच्या एकूण उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. फार वाढलं असेल तर आधी वरवर आणि तीन-चार दिवसांनी खाली असं दोनदा कापा. एकदम बुडातून कापलं की लॉन पिवळं पडतं आणि मालक बोल लावतो तो माळीकाम करणाऱ्याला.

उतारावर चाकाचं मोवर आडवं चालवा, वरखाली नको. पाय घसरला तर वरखाली चालवताना पाय थेट पात्याकडे जातो. चार फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर तिथे मोवर नेऊच नका.

हातपाय आणि डोळे सांभाळा

बॅटरीच्या मशीनचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे ते गप्प असतं. पेट्रोलचं इंजिन बंद आहे हे कानाला कळतं. बॅटरीचं मशीन थांबलेलं दिसतं, पण बटणाला चुकून धक्का लागला की पातं फिरतं. म्हणून अडकलेलं गवत काढताना, दोरी किंवा पातं बदलताना आधी बॅटरी बाहेर काढा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

- डोळ्यांना चष्मा, पायात बूट आणि फुल पॅन्ट. चप्पल घालून ब्रश कटर चालवू नका.
- कापण्याआधी जागेवरून एक फेरी मारा. दगड, तारेचे तुकडे, काचा, नारळाच्या करवंट्या उचला.
- ब्रश कटर चालू असताना पन्नास फुटांच्या आत माणूस, पोर, जनावर नको. दगड गोळीसारखा उडतो.
- पात्यावरचं संरक्षक कव्हर काढू नका. स्वस्त ट्रिमरवर करवतीसारखी मोठी पाती बसवू नका.
- साखळीचं डोकं ऑनलाईन मिळतं म्हणून लावू नका. साखळीची कडी तुटून उडते. याच कारणाने युरोपीय महासंघाने २०१२ मध्ये हातातल्या ब्रश कटरसाठी अशा कड्यांच्या डोक्यांवर बंदी घातली.
- दाट गवतात घोणस, फुरसं, गांधीलमाशीचं पोळं असू शकतं. आधी लांब काठीने गवत हलवा आणि कडेकडून कापत आत जा. साप चावला तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

अनुदान मिळतं का?

लॉनमोवर हे शेतीचं अवजार धरलं जात नाही, त्यामुळे त्याला अनुदानाची आशा ठेवू नका. ब्रश कटर मात्र कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात येतो. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना ठरलेल्या कमाल मर्यादेत ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अशी या अभियानाची रचना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. यादीतलं मशीन इंजिनाचं की बॅटरीचं, किती ताकदीचं, हे गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून विचारून घ्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पूर्वसंमती मिळण्याआधी मशीन विकत घेतलं तर त्या बिलावर अनुदान मिळत नाही. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी.

एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगलं मशीन आणि तीन बॅटऱ्या घेणं हा मार्ग आहे. बांधाचं गवत सगळ्यांचं एकाच दिवशी कापायचं नसतं. फक्त कुणी चालवायचं आणि दोरी-पात्याचा खर्च कसा वाटायचा, हे आधीच लिहून ठेवा.

चार्जिंग आणि पावसाळ्यानंतर

चार्जर पडवीत, पाण्याची झड येते तिथे लावू नका. गोठ्यात, पेंढ्याच्या गंजीजवळ, चुलीजवळ तर नकोच. मशीन वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. कंपनीचाच चार्जर वापरा आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नका.

दिवाळीनंतर मशीन पुसून, पातं काढून तेलाचा हात फिरवून ठेवा. बॅटरी मशीनमधून काढून निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण भरलेलीही नको आणि रिकामीही नको. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा, उतरली असेल तर थोडी भरा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी लवकर मरते. घरातल्या गार खोलीत ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात कामाला येते.

फुगलेली, फुटलेली बॅटरी चार्ज करू नका. ती उकिरड्यावर किंवा आगीत टाकू नका, पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. जुनी बॅटरी दुकानदाराला किंवा सर्व्हिस सेंटरला परत द्या.

दुकानात जाण्याआधी हे लिहून न्या

- माझी गवताची जागा किती गुंठे? सपाट किती, उतार किती?
- बॅटरी किती वॅट-तासांची? काट्यावर वजन किती?
- किंमत बॅटरी-चार्जरसह आहे का? सुटी बॅटरी केवढ्याला?
- चार्ज व्हायला किती वेळ लागतो?
- सर्व्हिस आणि सुटे भाग जवळात जवळ कुठे?
- शक्य असेल तर दुकानाबाहेरच्या गवतावर चालवून दाखवता का?

शेवटच्या प्रश्नाला जो दुकानदार हो म्हणेल, त्याच्याकडे पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. मशीन हातात धरून, पट्टा खांद्याला लावून पाच मिनिटं गवत कापून बघितलं की आपल्याला झेपतं की नाही ते कळतं, आणि ते मोबाईलवरच्या फोटोवरून कळत नाही.